येऊन राहिलो

प्रिय सुम्या,

काल मी पहिल्यांदा तुझ्या गावात जाऊन आले. सांजखेडमध्ये. तुला जाऊन तीन उन्हाळे झाले, कुठकुठली पोरं तिथे हिंडून आली, आणि तुझी सख्खी बहीण काल गेली! तीही स्वतःहून नाही. एका मुलीचा जप्त केलेला मोबाइल हातात धरून, शाळेच्या स्टाफरूममध्ये, दाराकडे पाठ करून.

आज शनिवार. सकाळची शाळा आटोपून घरी आले आणि जेवायच्या आधी तुला लिहायला बसले. उद्या बडनेऱ्याला जाऊन बाबांना एक गोष्ट सांगायची आहे. तीन वर्षं ती माझ्या घशात अडकून बसली आहे. आधी तुला सांगितली, तर कदाचित उद्या तोंडातून बाहेर पडेल. तुला लिहिण्यात एक सोय आहे, तू मध्ये बोलत नाहीस. जिवंत असताना कधी एक वाक्य पुरं करू दिलं होतंस का रे मला?

बाबा बरे नाहीत, सुम्या.

पंधरा दिवसांपूर्वी आईचा फोन आला. आवाज दबलेला होता, म्हणजे बाबा आसपासच असणार. म्हणाली, "प्रज्ञा, तुये बाबा काहीबाही बोलून राहिले वं. म्हनते, दिवे लागायच्या टायमाले कोनीतरी माया आवाजात बोलते."

"कोणाच्या आवाजात?"

"त्यायच्याच! म्हनते, मी इकडं खुर्चीवर बसून आहो अन् माया आवाज तिकून भिंतीमांगून येते."

मी हसले. खरंच हसले. कारण बाबा कोण, हे तुला ठाऊक आहे. चौकात कोणी उतारा म्हणून ठेवलेलं लिंबू उचलून घरी आणणारा आणि त्याचं सरबत करून आख्ख्या गल्लीसमोर पिणारा माणूस. "भूतबित काही नसते बावा, आपल्या डोक्यातला कचरा असते," हे वाक्य आपण दोघांनी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल! रेल्वेच्या केबिनमध्ये एकट्याने इतक्या पाळ्या काढल्या, कधी रुळावर पांढरं काही दिसलं म्हणाले नाहीत. त्यांना आता स्वतःच्याच आवाजाची भीती वाटते?

मी त्यांना अमरावतीला आणून कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात इतके चांगले कान मी पाहिले नाहीत. परत जाताना ऑटोत बाबा मला एवढंच म्हणाले, "कान चांगले हायेत, म्हनूनच आयकू येऊन राहिलं ना."

त्यानंतर आईचे फोन रोज येऊ लागले. बाबा संध्याकाळी दारात जाऊन उभे राहतात. अर्धी भाकर खातात आणि ताट सारतात. परवा त्यांनी कपाटातली सगळी कागदपत्रं काढून आईला कुठलं कुठे आहे ते समजावून सांगितलं. आई रडायला लागली तेव्हा शांतपणे म्हणाले, "मले बलावणं आलं हाये. सुम्या बलावून राहिला. त्यानं माया आवाज घेतला."

आईने हे सांगितलं तेव्हाही मला काही कळलं नव्हतं. काल कळलं.

काल मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गावरून जात होते. शेवटच्या बाकावर चार मुली डोक्याला डोकं लावून बसलेल्या, चौघींत मिळून एक इअरफोन. एकीने डोळे गच्च मिटले होते. शाळेत मोबाइल आणायला बंदी आहे, म्हणून मी मागून जाऊन तो उचलला. मोबाइल धनश्रीचा. एरवी तोंडाळ पोरगी, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय चाललंय?"

"मॅडम, सांजखेड."

हे नाव तुझ्यानंतर मी कोणाच्या तोंडून सरळ ऐकलंच नव्हतं. तुझ्या आणि ऋषीच्या मोबाइलवरच्या खेळातलं गाव. अकोल्याच्या त्या एका खोलीत दोघांनी मिळून बनवलेला तो खेळ, चित्रं त्याची आणि संगीत तुझं. तू गेल्यावर त्याने तो एकट्याने पुरा केला. मला दोनदा पाठवला, मी दोन्ही वेळा पुसून टाकला. तुझी बोटं जिथे शेवटची फिरली तिथे जायची माझी हिंमत नव्हती.

मोबाइल घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले. तिथे कोणी नव्हतं. मी इअरफोन कानात घातले.

काय गाव केलंत रे तुम्ही दोघांनी! खेळातली बाकीची गावं हसरी आहेत म्हणतात. पोस्टमन सायकलवर हिंडतो, पत्रं वाटतो, लोक त्याला पाणी देतात. आणि मग हे सांजखेड. इथे दिवस उगवतही नाही, मावळतही नाही, कायम दिवेलागण. प्रत्येक घरात दिवा. चुलीवर चहा उकळतोय. अंगणात दोरीवरचे कपडे हलताहेत. झोपाळा हलतोय. आणि माणूस एकही नाही! पोस्टमनच्या पिशवीत या गावाचं एकच पत्र असतं. तो दारोदार कडी वाजवत जातो आणि कोणी येत नाही.

मी कडी वाजवत गेले. घरं ओळखीची वाटायला लागली. तिसऱ्या घराची उतरती कौलं, पाचव्याच्या दारापुढचं पाण्याचं सिमेंटचं टाकं. आपल्या जुन्या रेल्वे क्वार्टरची ओळ होती ती. ऋषीला तू फोटो दाखवले होतेस का? की नुसतं सांगितलंस, आणि त्याने ऐकून काढली?

आणि मागे ते तुझं संगीत. पेटीचे पाचच सूर, एकेक ओढून सोडलेला. त्याच्याखाली एक बारीक, दात शिवशिवणारा सूर सतत चाललेला. मध्येच घंटा, दोन टोले, थांबून एक. त्या मुलींनी डोळे का मिटले होते, ते मला कळलं. मीही मिटले असते.

धनश्रीने नंतर मला एक व्हिडिओ दाखवला. पुण्याकडचा कोणी तरुण गंभीर आवाज काढून सांजखेडची रहस्यं सांगतो. तू ऐकायला हवं होतंस. म्हणे तो बारीक सूर फक्त लहान मुलांना ऐकू येतो आणि रोज ऐकला की मेंदूवर परिणाम होतो. म्हणे घंटेचे टोले गावात मेलेल्यांचे आहेत. म्हणे एका मुलीने सलग ऐकलं आणि ती आठवडाभर बोललीच नाही. लाखो लोकांनी पाहिलंय म्हणे ते.

मेंदूवर परिणाम! अरे तो आपला कुलर! बडनेऱ्याच्या घरातला, पंख्याचं बुश गेलेला, उन्हाळाभर डोक्यात भोकं पाडणारा. "चालून राहिला ना, मंग कायले हात लावाचा?" म्हणत बाबांनी जो तीन वर्षं दुरुस्तीला दिला नाही तो. मी तो आवाज हजार आवाजांत ओळखेन. आणि ती घंटा बाबांच्या केबिनमधली. त्यांचा डबा घेऊन आपण जायचो आणि पायरीवर बसून ती वाजायची वाट पाहायचो. दोन टोले, थांबून एक.

म्हणजे तू लोकांना घाबरवायला आपलंच घर वापरलंस! मला हसू येत होतं आणि मोबाइल फेकून द्यावासा वाटत होता. दोन्ही एकदम.

मग मी शेवटच्या दारापाशी पोचले. कडी वाजवली. कुलर थांबला. घंटा थांबली. इतका वेळ शांतता, की मला वाटलं मोबाइल बंद पडला. आणि मग आतून, लांबून, माणसाचा आवाज आला.

"येऊन राहिलो!"

सुम्या, मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. तो बाबांचा आवाज होता.

तुझा नाही. सगळं जग समजतंय तुझा म्हणून. व्हिडिओतला तो तरुण शेवटी हेच सांगतो. संगीत देणारा मुलगा खेळ पुरा व्हायच्या आधी गेला, आणि त्याचा आवाज त्या गावात अडकला. मग तो आवाज आणखी खाली आणून अर्थ सांगतो, "मी इथे आलो, आणि इथेच राहिलो."

पण तो आवाज बाबांचा होता, आणि जिवंत बाबांचा. तू गेलास त्याच्या दोन महिने आधी घरी आला होतास तेव्हाचा असणार. बाबा गच्चीवर पाणी मारत असतील, आईने खालून हाक मारली असेल, "अवो, चहा झाला, येता का?" आणि बाबांनी नेहमीचं उत्तर दिलं असेल. तू खाटेवर पडून गुपचूप मोबाइलवर टिपलं असशील. त्याच मुक्कामात तुमचं ते भांडण झालं ना? "हे खेळायचे भोंगे वाजवून काय होते, नोकरी पाय एखादी," असं ते म्हणाले, आणि तू न जेवता अकोल्याला निघून गेलास. मग दोन महिने एकमेकांशी बोलला नाहीत. आणि त्या दोन महिन्यांत तू काय करत बसला होतास? त्यांच्या घंटेवर, त्यांच्या कुलरवर आणि त्यांच्या आवाजावर चाल बांधत होतास! हे त्यांना सांगता आलं नाही तुला? एक फोन करून?

बडनेऱ्याला आपल्या भिंतीपलीकडे नवे भाडेकरू आलेत. त्यांची दोन पोरं आहेत, सदानकदा मोबाइलला चिकटलेली. आता कळलं ना, दिवेलागणीला कोण बोलतं ते?

मी तेव्हाच आईला फोन करायला हवा होता. मोबाइल हातात घेतलाही. पण बाबांना भिंतीमागचा आवाज समजावून सांगायचा, तर त्याच दोन शब्दांचं मी काय केलं, तेही सांगावं लागतं. मी फोन खाली ठेवला आणि धनश्रीला बोलावलं.

तिने तो व्हिडिओ दाखवल्यावर मला तिला रागवायचं होतं. असल्या भाकडकथांवर विश्वास ठेवू नकोस वगैरे. मी विचारलं, "त्या व्हिडिओत सांगितलंय म्हणून घाबरता का गं तुम्ही? तो इथे आला आणि इथेच राहिला म्हणून?"

ती हळूच म्हणाली, "नाही मॅडम. त्या पोट्ट्याले समजलंच नाही. तो तिथं राहिला नाही. तो येऊन राहिला."

"म्हणजे?"

"म्हंजे रस्त्यात हाये ना मॅडम! निंगाला तो. म्हनून तर भेव लागते. दारापाशी थांबलं का तो येते. आमी कोनीच थांबत नाही, पळून जातो."

बारा वर्षांची पोर. मराठीची शिक्षिका मी. आणि ती मला मराठी समजावून सांगत होती.

आता ती गोष्ट सांगते. तुला माहीत नसलेली तेवढीच एक आहे.

पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलच्या मुलींनी माझं "मी जाऊन राहिली" ऐकून वर्षभर मला चिडवलं. मी ठरवून जीभ धुऊन काढली. परत आले ती शुद्ध होऊन, आणि मग सगळ्यांच्या मागे लागले. पोरांच्या वह्यांत "करून राहिलो" दिसलं की लाल रेघ. तुझ्या तर मेसेजवरही लाल रेघ! "येतोय लिही, जातोय लिही, अडाण्यासारखं काय?" तू चिडायचास, पण ऐकायचास. आईशी वऱ्हाडी, ऋषीशी वऱ्हाडी, आणि मला लिहिताना एकदम पुणेरी. "ताई, निघतोय." "ताई, जेवतोय." इतकी वर्षं तू माझ्याशी माझ्या भाषेत बोललास.

आणि नेमकं त्या दिवशी काय झालं रे तुला? कावून बदललास?

एप्रिल होता. सकाळची शाळा संपली होती आणि आम्हाला पेपर तपासायला थांबवून घेतलं होतं. समोर गठ्ठा, हातात लाल पेन. तुझा मेसेज आला. "ताई, घरी येऊन राहिलो. चाल पूर्ण झाली. तुलेच पहिले आयकवतो."

मी वाचला आणि मला बरं वाटलं. आलास एकदाचा. माझ्या घरी येऊन राहिलास, शेजारच्या काकूंकडून किल्ली घेतली असशील, कुलर लावून पडला असशील. कितीदा मागे लागले होते मी, अकोल्याच्या त्या भट्टीतून उठ आणि माझ्याकडे येऊन राहा चार दिवस. तू माझंच वाक्य मला परत दिलंस, असं मला वाटलं. "तुलेच पहिले आयकवतो" वाचून तर मी मनातल्या मनात लाल रेघही मारली. सुम्या, तू तुझ्या भाषेत लिहिलंस आणि मी माझ्या भाषेत वाचलं.

तू आला नव्हतास. तू येत होतास. अकोल्याहून मोटरसायकलवर, त्या रणरणत्या उन्हात.

साडेतीनला आईचा फोन आला. "सुम्या फोन उचलून नाही राहिला, कुठंसा हाये?" मी लाल पेन न ठेवता म्हणाले, "माझ्याकडे आलाय. झोपला असेल." मागून बाबांनी फोन घेतला. दोन महिन्यांनी त्यांनी तुझं नाव काढलं. "त्याले सांग, थांब म्हना आज. मी संध्याकाळी येतो तिकडं. बोलाचं हाये." मी ते तुला लिहून पाठवलं. "बाबा येताहेत, थांब." आणि पुढचा पेपर घेतला.

साडेसहाला घरी आले तर दाराला कुलूप. किल्ली काकूंकडे. काकू म्हणाल्या, कोणी आलंच नाही. मी त्या कुलपासमोर उभी राहिले आणि तुझा मेसेज पुन्हा उघडला. आणि तेव्हा तो मला नीट वाचता आला.

तोवर बोरगाव मंजूच्या पुढे नाल्याच्या बाभळींमागे, शेळ्या परत नेणाऱ्या एका बाईला तू सापडला होतास. रोही आडवी आली असेल, असं पोलीस म्हणाले; कागदावर त्यांनी नीलगाय लिहिलं. रस्त्यावरून काही दिसत नव्हतं. तू दुपारपासून तिथे होतास. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "दुपारीच कोणी शोधत आलं असतं तर…"

कोणी शोधत आलं असतं. कोण? तू निघालास हे फक्त मला सांगितलं होतंस. मी नुसतं विचारलं असतं ना, कुठवर आलास, तर तीन वाजता मला कळलं असतं की तू बोलत नाहीस. चारला ऋषी रस्त्याने निघाला असता.

आणि यापेक्षा वाईट गोष्ट मी नंतर केली. आईने सगळ्यांना सांगितलं, तो प्रज्ञाकडे पोचला होता. मी खोडलं नाही. मग सगळ्यांनी आपापलं गणित जुळवलं. पोचला होता, मग अकोल्याच्या रस्त्यावर कसा सापडला? परत फिरला असेल. का फिरला? तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे बसले होते. भंतेजींची वंदना झाल्यावर बाबा एकदम बोलायला लागले. "मी येतो म्हनलं म्हनून पोरगा उठून चालला गेला. मी येतो म्हनलं नसतं, तर थांबला असता." मी तिथेच होते. पाहुण्यांच्या पेल्यांत पाणी ओतत होते. ओतत राहिले.

माझ्या त्या "बाबा येताहेत, थांब"ला निळ्या खुणा कधी आल्याच नाहीत. तू तो वाचलाच नव्हतास. हे मला माहीत होतं, आणि मी तीन वर्षं त्या माणसाला समजू दिलं की त्याच्या येण्यामुळे त्याचा मुलगा गेला. आता तोच माणूस दारात उभा राहून त्याच मुलाचं बोलावणं ऐकतो आणि जायची तयारी करतो. त्या व्हिडिओतलं भूत खोटं आहे, सुम्या. खरं भूत मी पाळलंय, आणि ते बाबांच्या मानगुटीवर बसवून ठेवलंय.

एकदा मनात आलं, नको सांगायला. शेजारच्या पोरांचा खेळ बंद करायला लावते, बाबांना आवाज यायचा थांबेल, सगळं निवळेल. मग काल संध्याकाळी मी ऋषीला फोन केला. तीन वर्षांनी. विचारलं, त्या दारापाशी थांबलं तर काय होतं?

तो म्हणाला, "ताई, आजवर कोनीच थांबलं नाही. मले वाटलं होतं तुमी तरी थांबसान."

पुढे त्याने सांगितलं नाही. सुम्याला हे कोणी आधी फोडलेलं आवडलं नसतं, म्हणाला. एवढंच म्हणाला की खूप वेळ थांबावं लागतं, सुम्याने मोजून ठेवलाय तो वेळ. मी विचारलं, किती? म्हणाला, "तुमचे बाबा गच्चीवरून चहाले खाली याले जेवढा लावत, तेवढा."

म्हणजे आईच्या तीन हाका आणि दोनदा गरम केलेला चहा! बाबा "येऊन राहिलो" म्हणायचे आणि येत नसायचे, आपण हसायचो. पण शेवटी यायचे ना रे. एकदाही असं झालं नाही की म्हणाले आणि आले नाहीत.

त्या दारातून काय बाहेर येतं, मला माहीत नाही. खरं सांगू? मला अजून भीती वाटते. पण ते मी एकटीने बघायचं नाही, हे मला पक्कं कळलंय. पोस्टमनच्या पिशवीतलं ते पत्र माझ्या नावचं नाही, बाबांच्या नावचं आहे.

हे इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. उद्या जाऊ, उद्या सांगू, असं घोकत होते. मग वाटलं, उद्या म्हणजे काय? आज संध्याकाळी ते पुन्हा दारात उभे राहणारच आहेत. मी मोबाइल घेतला आणि बाबांना मेसेज केला. पंधरा वर्षांत मी असं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. अंगठा अडखळत होता.

"बाबा, घरी येऊन राहिली."

बाबांना टाइप करता येत नाही फारसं. एकेक अक्षर शोधतात. तरी एका मिनिटात उत्तर आलं.

"कुठवर आली"

बस, एवढंच. ना कावून, ना काय झालं. वाचलं आणि विचारलं. सुम्या, तीन वर्षं मी ह्या दोन शब्दांखाली चिरडून पडलेय, आणि बाबांनी ते सहज विचारले. त्या दिवशी मेसेज त्यांना गेला असता तर तू वाचला असतास.

मी अजून टेबलापाशीच आहे. जेवणही झालेलं नाही. पण ते तिकडे वाट बघायला लागले असतील, आता मला उठावंच लागेल. स्कूटीने अर्ध्या तासात पोचेन.

वचन देते. आज दिवेलागणीच्या आधी बाबांना तुझा मेसेज वाचून दाखवीन, जसा लिहिलास तसा. मी तो कसा वाचला तेही सांगेन. ते मला घरातून हाकलतील, किंवा गप्प बसतील, जे करतील ते. मग त्यांच्या एका कानात एक आणि माझ्या कानात एक इअरफोन घालून आम्ही सांजखेडला जाऊ, शेवटच्या दाराची कडी वाजवू, आणि तिथून हलणार नाही. चहा कितीदा का गार होईना.

निघाले रे.

तुझी,
वाटेवरची ताई